कान बदलून टाकणारा अल्बम: तुमचा कोणता?

तेहेतीस फेरे:

या धाग्यावर आवडत्या अल्बमांची यादी अपेक्षित नाही. आवडते अल्बम प्रत्येकाकडे पुष्कळ असतात आणि त्यांतले बहुतेक आपल्या आधीच्याच आवडीला दुजोरा देतात. मला विचारायचे आहे ते असे, की एखादा अल्बम ऐकल्यानंतर तुम्हाला त्याआधी ऐकलेले संगीतसुद्धा निराळे ऐकू येऊ लागले का? तबकडी, कॅसेट, सीडी यांपैकी काहीही चालेल, भाषा कोणतीही चालेल. मात्र काय बदलले ते नेमके लिहावे; 'अंगावर काटा आला' एवढ्यावर थांबू नये.

सुरुवात मी करतो. आमच्या घरात संगीत म्हणजे नाट्यपद, आणि गवयाची किंमत तानेच्या वेगावर ठरत असे. उस्ताद अमीर खाँ हे नाव आमच्याकडे पोहोचले ते १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटातील देसी रागाच्या जुगलबंदीमुळे. तिच्यात दुसरा आवाज दत्तात्रेय विष्णू पलुस्करांचा आहे, आणि त्यांचे वडील विष्णू दिगंबर यांच्या पंचवटीतील रामनाम आधार आश्रमामुळे बापूराव पलुस्कर हे आपल्याच गावचे, अशी जुन्या नाशिककरांची भावना होती. चित्रपटात पलुस्कर बैजूसाठी गातात, अमीर खाँ तानसेनासाठी गातात आणि कथेनुसार तानसेन हरतो. त्यामुळे हरलेल्या गवयाची तबकडी विकत घ्यावी असे आमच्या घरी कोणालाच वाटले नव्हते.

ती तबकडी, म्हणजे एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली त्यांची प्रसिद्ध एलपी, मी बऱ्याच उशिरा ऐकली. झुमरा चौदा मात्रांचा ताल आहे आणि खाँसाहेब तो इतक्या विलंबित लयीत घेतात की सम (तालाची पहिली मात्रा) कधी येणार याची वाट पाहण्याची सवय असलेला श्रोता आरंभीच्या आवर्तनांतच थकतो. त्यात राग मारवा, म्हणजे सारा मुक्काम कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर, आणि षड्जावर विसावणे शक्य तितके लांबणीवर टाकलेले. ज्या स्वराला मी घर समजत होतो तोच टाळला जात होता आणि तरीही गाणे कोठे डळमळत नव्हते. मेरुखंडाची पद्धत, म्हणजे मोजक्या स्वरांची शक्य तितक्या क्रमांनी मांडणी करत जाणे, ही मला तोवर केवळ पुस्तकातली गणिती कसरत वाटत असे. इथे तीच आलापीचा कणा झालेली दिसली. स्वरसंख्येवरून गायकी मोजणे मी त्यानंतर सोडून दिले.

परिणाम मागच्या दिशेनेही झाला. बापूरावांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, ज्यांत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, मी पुन्हा काढून ऐकल्या. पूर्वी मला त्या 'छोट्या चिजा' वाटत. आता दिसले की एवढ्याशा वेळात रागाचे पूर्ण रूप उभे करायचे तर कोणता आलाप वगळायचा हे आधी ठरवावे लागते, आणि त्या वगळण्यातच बापूरावांची तयारी आहे.

मंद्र:

धागा चांगला आहे, परंतु त्याच्या मुळाशीच माझा एक आक्षेप आहे. अल्बम हे आपल्या संगीताचे एकक नाही. मैफल हे आहे. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस मिनिटे बसतात. अमीर खाँसाहेबांचा मारवा मैफलीत केवढा विस्तारत असेल याचा विचार करा आणि मग सांगा, की तुमचा कान खाँसाहेबांनी बदलला की तबकडीच्या मापाने? विलंबित लयीचे कौतुक आपण ज्या ध्वनिमुद्रणावरून करतो आहोत ते स्वतःच घाईत उरकलेले आहे, ही गंमत नजरेआड होऊ नये.

एवढे नोंदवून माझे उत्तर देते, कारण एका अल्बमाने मला खरोखरच बदलले आहे. तो म्हणजे कुमार गंधर्वांचा 'मला उमजलेले बालगंधर्व'. मी गाणे शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात दोनच वाटा माहीत होत्या: गुरूने सांगितले तसे हुबेहूब गाणे, किंवा स्वतःचे काहीतरी वेगळे गाणे. बालगंधर्वांची पदे तर इतकी पवित्र मानली जात की त्यांतली एखादी मुरकी इकडची तिकडे झाली तरी ज्येष्ठ मंडळी मान हलवत, आणि ती पसंतीची मान नसे. कुमारजींनी जे केले ते या दोन्हींपैकी काहीच नव्हते. त्यांचा आवाज बालगंधर्वांसारखा नाही, लगाव तसा नाही, क्षयाच्या दीर्घ आजारानंतर देवासला नव्याने घडवलेली त्यांची गायकी छोट्या, अचानक उसळणाऱ्या आणि तितक्याच अचानक थांबणाऱ्या वाक्यांची. त्यांनी बालगंधर्वांचा गळा घेतलाच नाही. बालगंधर्व एखाद्या शब्दाशी का रेंगाळतात, लय नेमकी कोठे सोडून कोठे पकडतात, याचे उत्तर शोधले आणि ते स्वतःच्या गळ्यातून दिले.

शीर्षकातला 'मला' हा शब्द तिथे नम्रतेसाठी आहे तितकाच धिटाईसाठीही आहे. एका गायकाने दुसऱ्या गायकावर लिहिलेला हा समीक्षालेख आहे, फक्त तो गाऊन लिहिलेला आहे. त्यानंतर कोणाचेही नाट्यपद ऐकताना 'मुळाबरहुकूम आहे का' हा प्रश्न मनात येईनासा झाला. 'यांना त्यात काय सापडले' हा प्रश्न येऊ लागला, आणि खेदाने सांगते, पुष्कळदा काहीच सापडलेले नसते.

तेहेतीस फेरे:

मंद्रताई, आक्षेप मान्य आहे, पण निम्माच. मैफलीत खाँसाहेब मारव्यानंतर लगेच दरबारी गायले नसते, कारण एक सूर्यास्ताचा राग आणि दुसरा मध्यरात्रीचा. तबकडी उलटायला लागणाऱ्या अर्ध्या मिनिटात आपण संध्याकाळ ओलांडून रात्रीत जातो. ही मांडणी मैफलीची नव्हे, अल्बमचीच आहे, आणि ती मला मैफलीइतकीच खरी वाटते.

कॉलेज रोड:

माझा अल्बम परदेशी आहे, परंतु धाग्याच्या विषयाशी त्याचा संबंध आतूनच आहे. जॅझ ट्रम्पेटवादक माईल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९.

पाश्चात्त्य संगीत म्हणजे सतत बदलणारे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ), आणि भारतीय संगीत म्हणजे एका स्वरसमूहात राहून केलेला विस्तार, अशी सोयीची वाटणी मी करून ठेवली होती. जॅझच्या बाबतीत तर ती पक्कीच होती, कारण त्याआधीच्या काळातल्या जॅझमध्ये कॉर्ड इतक्या झपाट्याने बदलतात की वादकाला त्यांच्या मागे धावावे लागते. या अल्बममधल्या 'सो व्हॉट' या पहिल्याच रचनेने ती वाटणी मोडली. बत्तीस मापांची ही रचना आहे. त्यांतली पहिली सोळा मापे सर्व वादक एकाच स्वरसप्तकात राहतात, आणि ते सप्तक म्हणजे गंधार व निषाद कोमल, बाकी स्वर शुद्ध. आपल्या भाषेत हा सरळसरळ काफी थाट होतो. राग काफी नव्हे, हे आवर्जून सांगतो. चलन (स्वरांची ठरलेली वाटचाल) नाही, वादी-संवादी (रागातले प्रमुख स्वर) नाही, ठुमरीची ती आर्जवी वळणेही नाहीत. केवळ थाट आहे आणि त्यात फिरण्याची मोकळीक आहे.

पुढच्या आठ मापांत हेच अख्खे सप्तक अर्ध्या स्वराने वर सरकते आणि शेवटच्या आठ मापांत पुन्हा खाली येते. आपल्या कानाला हा धक्का आहे, कारण आपला षड्ज तानपुऱ्याला बांधलेला असतो आणि मैफल संपेपर्यंत तो हलत नाही. इथे जमीनच अर्धा स्वर उचलली जाते. राग कशामुळे राग होतो हे मला शाळेतल्या संगीताच्या पुस्तकापेक्षा या आठ मापांनी अधिक स्पष्ट केले: आपण स्वरांच्या निवडीबद्दल फार बोलतो, पण ती निवड ज्या न हलणाऱ्या आधारावर उभी असते त्याच्याबद्दल फारसे बोलत नाही, कारण तो हललेला आपण कधी ऐकलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट मंद्र यांच्या मैफलीच्या मुद्द्याशी निगडित आहे. अल्बमच्या वेष्टनावरचे टिपण पियानोवादक बिल इव्हान्स यांचे आहे आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे या रचना वादकांपुढे ध्वनिमुद्रणाच्या वेळीच, ढोबळ आराखड्याच्या रूपात आल्या. जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली यांच्यासारखे वादक त्या आराखड्यावर स्टुडिओतच उपज करत होते. म्हणजे इथे मैफल आधी आणि तबकडी नंतर असे नाही. तबकडी हीच त्या संगीताची पहिली मैफल आहे.

देवळालीकर:

कॉलेज रोड यांना एक व्यावहारिक प्रश्न. आमच्या वडिलांकडे याच अल्बमची जुनी एलपी आहे. तुमचे वाचून आज हार्मोनियम घेऊन बसलो आणि काफी थाटाचे स्वर जुळवू लागलो, तर शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मध्येच कोठेतरी सगळे अडकते. फिरकीचा वेग बिघडला असावा. दुरुस्त करून देणारे कोणी शहरात उरले आहे का?

सिन्नरकर:

वरचे सर्व प्रतिसाद आदराने वाचले. परंतु अल्बम म्हणजे वेष्टन, वेष्टनावर टिपण, आणि दोन बाजूंचा विचारपूर्वक लावलेला क्रम असे धरले, तर आमच्या घरातले संगीत या धाग्यात बसणारच नाही. म्हणून ते मुद्दाम बसवतो.

आमच्याकडे कॅसेट होत्या. एप्रिल महिन्यात जयंतीच्या आसपास त्या रस्त्याकडेच्या गाड्यांवर येत, मुखपृष्ठावर बाबासाहेबांचे चित्र, खाली गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत, आणि गीतकाराचे नाव असलेच तर भिंग लावून वाचावे असे. घरातली सर्वांत जास्त वाजलेली कॅसेट कोणीतरी इतर कॅसेटवरून भरून आणलेली होती. तिला नाव नव्हते. तिच्यावरची निम्म्याहून अधिक गाणी वामनदादा कर्डकांची होती, हे मला पुष्कळ नंतर समजले, आणि ते समजण्याची रीतच माझा दृष्टिकोन बदलणारी ठरली.

वामनदादा आमच्याच तालुक्यातले, देशवंडीचे. जन्म १९२२, मृत्यू २००४. अक्षरओळख त्यांना मुंबईत, मोठेपणी झाली. त्यांची गाणी ज्यांनी गायली त्यांची गणती करणे कठीण आहे, कारण गावोगावचे गायनपार्टीवाले ती घेत, चाल बदलत, एखादे कडवे गाळत, आणि पुढे जात. पण शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. वेष्टनावर नाव छापले नाही तरी गाण्याच्या आत ते विणलेले असते आणि ते काढायचे तर कडवेच मोडते. हे लक्षात आल्यावर मी ती जुनी कॅसेट पुन्हा ऐकली आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटाकडे कान लावून बसलो. 'तुका म्हणे' आणि 'कहत कबीर' शाळेत ऐकले होते, परंतु ते पाठ्यपुस्तकातले होते. नाममुद्रा ही जिवंत, गरजेची वस्तू आहे आणि जिच्याजवळ छापखाना नाही त्या परंपरेचा तो हक्कलेख आहे, हे मला वामनदादांमुळे कळले.

दुसरा बदल शब्दांच्या बाबतीत झाला. बिर्ला-बाटा-टाटांना धनातला आमचा वाटा कोठे आहे असे विचारणारे त्यांचे गाणे तुम्ही ऐकलेच असेल. ते गाणे म्हणजे युक्तिवाद आहे. प्रत्येक कडवे पुढचा मुद्दा मांडते आणि ध्रुवपद उलटतपासणीसारखे परत येते. असे गाणे मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्दन्‌शब्द कळले नाही तर ते फसले. त्यामुळे प्रह्लाद शिंद्यांच्या आवाजातली ती खणखणीत उच्चारांची धार मला केवळ 'लोकगायकाचा रांगडेपणा' वाटेनाशी झाली. ते तंत्र आहे, आणि ते मैदानाने घडवलेले आहे. तोच आवाज पंढरीच्या वाटेवरची गाणीही गातो आणि तितक्याच धारेने गातो. संगीताच्या चर्चेत या तंत्राला गायकी म्हणण्याची पद्धत नाही, मी म्हणतो.

मंद्र:

सिन्नरकर, तुमच्या प्रतिसादामुळे कुमारजींची निर्गुणी भजने नव्याने ऐकावी लागणार आहेत. मी इतकी वर्षे त्यांत 'कहत कबीर' आले की गाणे संपत आले एवढेच समजून सावरून बसत असे.

एक शंका मात्र आहे. चाल बदलते, कडवी गळतात, गायक बदलतो, तर मग तुमचा कान बदलला तो त्या कॅसेटने की वामनदादांच्या काव्याने?

सिन्नरकर:

कॅसेटने. सभेत गाणे एकदाच ऐकू येते आणि शेवटच्या कडव्यापर्यंत टाळ्या सुरू झालेल्या असतात. नाव शोधायला मागे नेऊन पुन्हा ऐकण्याची सोय लागते. तुमच्या मैफलीच्या आक्षेपाला माझे हेच उत्तर समजा.

पंचवटीची सून:

माझे उत्तर फार अपेक्षित वाटेल, तरी लिहिते: 'गीतरामायण'. पंचवटीत राहणाऱ्या माणसाला ते वेगळे ऐकावे लागत नाही; रामनवमीच्या सुमारास काळाराम मंदिराच्या परिसरात ते कानावर पडतच असते, आणि नेमक्या याच कारणाने मी ते कधी लक्ष देऊन ऐकले नव्हते. 'मज आणुनि द्या' हे सीतेचे हरिणाचे गाणे आमच्याच भागात घडते याचे कौतुक पाहुण्यांना सांगण्यापुरतेच होते.

पुढे कळले की १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी ही गीते प्रसारित झाली तेव्हा ती निरनिराळ्या आवाजांत होती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे असे कितीतरी जण त्यांत गायले. वर्षाच्या बावन्न आठवड्यांची योजना अधिक मासामुळे छप्पन्न गीतांपर्यंत गेली. आपल्यापैकी बहुतेकांच्या कानात असलेल्या तबकड्यांवर मात्र सगळी पात्रे एकटे सुधीर फडके गातात: राम, सीता, कैकेयी, शूर्पणखा, सगळी.

हे समजल्यावर मी तबकड्या क्रमाने, एकाही गाण्याला वगळून पुढे न जाता ऐकल्या. बाबूजी पात्रागणिक आवाज बदलत नाहीत. कैकेयीसाठी कर्कश होत नाहीत, शूर्पणखेसाठी लाडिक होत नाहीत. तरीही कोण बोलते आहे याचा संभ्रम पडत नाही, कारण पात्र चालीत आधीच बसवलेले आहे: रागाची निवड, ओळीची लांबी, शब्द कोठे तोडायचा आणि कोठे ओढायचा. गायकाने अभिनय केला की गाणे भावपूर्ण होते ही माझी समजूत त्या ऐकण्यात निकालात निघाली. आता एखाद्या स्पर्धेत गायक डोळे मिटून, हात हलवून, आवाज कापरा करून गाऊ लागला की मी आधी पाहते, चालीने हे काम आधीच केले आहे का. केले असेल तर बाकीचे ओझेच आहे. माझ्या घरी हे मत कोणालाच पटलेले नाही.

शालिमार चौक:

'शिवकल्याण राजा', १९७४, राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचे वर्ष. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, लतादीदींचा आवाज. भूषण, रामदास, सावरकर, कुसुमाग्रज, म्हणजे सतराव्या शतकापासून विसाव्यापर्यंतचे कवी एकापाठोपाठ. त्यांत भगूरचे सावरकर आणि आपले तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, हा आमच्या गावाचा वाटा. 'वेडात मराठे वीर दौडले सात' आम्ही शाळेत कवायतीच्या ठेक्यात म्हणत असू. कविता त्या ठेक्याची मालमत्ता नाही, संगीतकार ती वाचून स्वतःचा अर्थ लावू शकतो, हे मला या अल्बमने दाखवले. याहून जास्त लिहीत नाही, कारण पंचवटीच्या सूनबाईंनी चालीबद्दल लिहिले तेच इथेही लागू आहे.

रूपक सात:

नमस्कार, मी या मंडळींत वयाने बहुधा सर्वांत लहान. तबला शिकत होतो तेव्हा माझ्या खोलीतल्या जोडीदाराने पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) लावला. त्यातले 'मनी' हे गाणे नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजांनी सुरू होते, आणि ते आवाजच ठेका धरतात. मी सवयीने बोटांवर मोजू लागलो तर सात मात्रा. रूपकसुद्धा सातच मात्रांचा, पण रूपकात समेवरच 'खाली', म्हणजे टाळीविना हलकी मात्रा, येते, त्यामुळे आवर्तन दर वेळी हलकेच उचलल्यासारखे सुरू होते. इथे पहिली मात्रा जड आहे आणि सातवीनंतर पाय अडखळल्यासारखे होते. पुढे गिटारवादनाच्या भागात ताल सरळ चारांत जातो आणि गाणे एकदम सुटते. तोवर माझ्यासाठी ताल म्हणजे मात्रांची संख्या होती. सात या आकड्याने काहीच ठरत नाही, वजन कोठे ठेवले आहे यावर सगळे ठरते, हे मला गुरुजींनी अनेकदा सांगितले होते. समजले ते असे. गुरुजींना हे अजून सांगितलेले नाही.

तेहेतीस फेरे:

रूपक सात, गुरुजींना अवश्य सांगा.

रागसमय आणि अल्बम यांचा विषय निघालाच आहे, तर 'कॉल ऑफ द व्हॅली' राहून जाऊ नये. १९६७ च्या सुमाराची एलपी. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. एका धनगराचा पूर्ण दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या रागांपर्यंत, दोन बाजूंत मांडला आहे. मैफलीतली वेळेची अडचण इथे कथेने सोडवली. तिची निर्मिती जी. एन. जोशींची, म्हणजे मराठी भावगीताच्या अगदी आरंभीच्या गायकांपैकी एकाची. तीन-साडेतीन मिनिटांच्या बंधनात भावगीत घडवलेल्या माणसाला बाजूच्या लांबीची किंमत ठाऊक असणारच. कडवे शास्त्रीय श्रोते या अल्बमला 'पार्श्वसंगीत' म्हणून बाजूला सारतात. मला तो निवाडा अन्यायाचा वाटतो, तरी काबरांची गिटार त्या वादकत्रयीत मागे राहते असे माझेही मत आहे.

मंद्र:

मागे राहत नाही. पहाटेच्या भागातच तिची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणे, लक्ष देऊन ऐका, संतुराला जे अवघड जाते ते काम ती तिथे करते.

कॉलेज रोड:

देवळालीकर, उत्तराला उशीर झाला. फिरकी दुरुस्तीला देण्याआधी एक तपासणी करा. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी फितीचे यंत्र किंचित हळू चालत होते, त्यामुळे ती फीत योग्य वेगाने वाजवली की सूर किंचित चढा येतो. पहिल्या तीन रचना असंख्य आवृत्त्यांत तशाच छापल्या गेल्या आणि १९९२ मध्ये ही गोष्ट ध्यानात आल्यावर पुढच्या आवृत्त्यांत वेग दुरुस्त करण्यात आला. तुमच्या वडिलांची प्रत त्याआधीची असेल तर तुमची हार्मोनियमही बरोबर आहे आणि फिरकीही. तबकडी उलटा, दुसऱ्या बाजूचे स्वर जुळवून पाहा. ते जुळले तर कोणाकडेही काहीही नेऊ नका.

देवळालीकर:

दुसरी बाजू जुळते.